दांड्यांचा दिवस

बाबांनी माझ्या सुपाची तारीफ केली आणि माझं डोकं फिरलं.

"छान झालंय," म्हणाले. "मस्त वास सुटलाय."

आता तुम्ही म्हणाल, बापाने लेकीचं कौतुक केलं तर एवढं चिडायचं काय कारण? कारण आहे. ज्या माणसाने जन्मभर खानावळीची चूल सांभाळली आणि एकदाही कुणाच्या हाताला छान म्हटलं नाही, तो छान म्हणतो म्हणजे त्याला काहीही कळत नाहीये. बाबांच्या तोंडी चांगलं म्हणजे "चालेल". फारच चांगलं म्हणजे काही न बोलता वाडगा परत पुढे करणं. बाकी सगळा वेळ चुका. मीठ आधी घातलंस. तेल तापलं नव्हतं. कांदा घाईत परतलास. मी लहानपणापासून ह्या चुकांवर वाढलेय, आणि खरं सांगते, त्या ऐकल्या नाहीत तर मला जेवल्यासारखं वाटत नाही.

थंडीत बाबांना ताप आला. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. वास म्हणून काही येईना. वास गेला की चवही जाते, खारट, गोड, आंबट, कडू एवढंच काय ते उरतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, तापानंतर असं होतं काहींना. परत येईलही, कधी ते सांगता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेले वास हुंगा, नाकाला पुन्हा शिकवा. मग आमच्या खिडकीत छोट्या बाटल्या आल्या. लवंग, लिंबाची साल, कॉफी, निलगिरी. बाबा शाळकरी पोरासारखे रोज त्यांच्यापुढे बसायचे.

तेवढ्यात ती गॅसची गोष्ट घडली. खिडकीतून वारा आला, शेगडी विझली, गॅस तसाच वाहत राहिला आणि बाबा तिथेच उभे राहून बटाटे सोलत होते. विझलेली दिसली तशी काडी ओढणार, एवढ्यात मी मागच्या दाराने आत आले. मी इतकी ओरडले की माझा घसा बसला. त्याच दिवशी ठरलं, नाक परत येईपर्यंत बाबांनी चुलीपाशी यायचं नाही. ते लगेच हो म्हणाले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

पुढे काही आठवड्यांनी म्हणायला लागले, "आता येतोय हं थोडाथोडा." मला आधी आनंद झाला, मग शंका आली. मी एक रिकामी, धुतलेली बाटली त्यांच्या नाकाखाली धरली. डोळे मिटून म्हणाले, "लवंग."

मी विचारलं, "बाबा, का असं करता?"

तर म्हणाले, "तुझ्या तोंडाकडे बघवत नाही गं रोज."

मी बाटल्या पुसून ठेवल्या.

तर हे असलं "छान" मला सकाळी सकाळी ऐकायला मिळालं, तेही नेमकं दांड्यांच्या दिवशी. मी डाव आपटला. "नका म्हणू छान. तुम्हाला काहीच येत नाहीये, मला माहितीये."

बाबा उठले. फडताळातून आपला एप्रन काढला. धुतलेला, इस्त्री केलेला, घडी घातलेला. म्हणजे हे काही आत्ता सुचलेलं नव्हतं. तो माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "हा घे. आजचा दिवस निभाव. मी दांडे निवडून देतो. उद्यापासून मी यायचा नाही. ज्याला चुलीचं काही कळत नाही अशा माणसाने स्वयंपाकघरात जागा अडवू नये."

"कुठे जाणार आहात?"

"घरी बसेन. माणसं बसतात की."

मी तो एप्रन वरच्या फळीवर फेकला. गळ्यात घातला नाही. बाबा घरी बसले तर महिन्याभरात खुर्चीचाच एक भाग होतील, हे मला ठाऊक होतं. पण बोलायला वेळ नव्हता, कारण दारात आत्या उभी होती, तिच्यामागे टेम्पो, आणि टेम्पोत पोती.

दांड्यांचा दिवस म्हणजे काय ते सांगते. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, लसूण पिकवते. थंडी ओसरली की तिच्या लसणाच्या रोपांच्या मधून एकेक गोल, हिरवा, भरीव दांडा वर येतो. पात नव्हे हं, पात चपटी असते. हा फुलाचा दांडा. कांद्याला डेंगळा येतो ना, त्याचाच हा चुलतभाऊ, फक्त ह्याची ऐट जास्त. वर येतो, गोल वळण घेतो आणि टोकाला चोच काढून कळी धरतो. तो तसाच ठेवला तर रोपाचं सगळं बळ फुलात जातं आणि खालचा गड्डा बारीक राहतो. म्हणून तो वेळेवर काढायचा. एक वेढा झाला की काढायचा. वेढा सुटून दांडा सरळ उभा राहिला की गेला, मग लाकूड. बाकीचे लोक तो काढून बांधावर फेकतात. आत्याही फेकायची, पण एकदा बाबांनी तिच्या शेतात एक दांडा मोडून चावला आणि तिथेच तिला वेड्यात काढलं. तेव्हापासून ती ज्या दिवशी दांडे काढते, त्या दिवशी आमच्या खानावळीत फक्त दांडे. गिऱ्हाईकं आधीपासून विचारत राहतात, आले का, आले का. आणि आले की आमच्या नाकी नऊ.

"बाळ्या," आत्याने आल्या आल्या भावाला हाक मारली, "असा का बसलायस तोंड पाडून? ऊठ, उतरवून घे."

बाबा उठले. पोतं सोडलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर ढीग घालून बसले, चुलीकडे पाठ करून. मुद्दामच करायचे पाठ. चूल दिसली की हात शिवशिवतात म्हणायचे.

त्यांचे हात बघण्यासारखे होते. दांडा दोन्ही टोकांना धरून वाकवायचा, जिथे कडकन मोडेल तिथून वरचा भाग कोवळा. खालचा धागेदार तुकडा वेगळ्या टोपलीत, तो रश्शाच्या पातेल्यात उकळायला. कळीच्या वरचं शेपूटही काढायचं, ते चामट असतं. बाबा न बघता मोडत होते, कडक, कडक, कडक.

"ताई, हे उशिरा काढलेस," त्यांनी एक जुडी बाजूला टाकली. "ह्यांचा वेढा सुटलाय."

"माझी कंबर धरली होती," आत्या म्हणाली. "लसणाला सांगितलं होतं थांब म्हणून, ऐकलं नाही त्याने."

मला जरा धीर आला. चुका काढताहेत, म्हणजे अजून आहेत. पण ही हातांची करामत होती, नाकाची नाही.

दुपार झाली आणि माणसांची रीघ लागली. माझा नवरा गल्ल्यावर होता, आत्या गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसली होती आणि जो येईल त्याला दांड्याचे गुण ऐकवत होती. दरवर्षी ऐकवते, आणि दरवर्षी ते गुण वाढतात.

"एक दांडा खाल्ला की डॉक्टर गल्ली सोडून पळतो," तिचा आवाज आतपर्यंत येत होता.

"आत्या, पळत नाही," माझा नवरा म्हणाला. "भाजी आहे ती."

"बरं, पळत नाही, पण सावध होतो. क जीवनसत्त्व आहे, पोट साफ ठेवणारा चोथा आहे, लसणात जे चांगलं असतं ते ह्यातही आहे, आणि लसणासारखं पोटात आग पाडत नाही. ह्या बाळ्याचं ब्लडप्रेशरमुळे मीठ तोडलंय, तर मी सांगितलं, दांडा घाल, मीठ आपोआप कमी लागेल. जिभेला काहीतरी खमंग मिळालं की ती मिठासाठी रडत नाही."

कुणीतरी बाई विचारत होती, मग आता ब्लडप्रेशरची गोळी बंद केली तर चालेल का. आत्याचा सूर एकदम बदलला. "गोळीला हात लावायचा नाही. आणि रक्त पातळ करायची गोळी घेत असलीस तर लसूण, दांडे जास्त खायच्या आधी डॉक्टरला विचार. मी शेतकरीण आहे, वैद्य नाही." मला तेव्हा ती फार आवडली.

आत माझी तारांबळ उडाली होती. मागच्या मोठ्या शेगडीवर रस्सा उकळतोय. एका बाजूला सकाळचंच बटाट्याचं सूप, आता त्यात दांडे घातलेले. कच्चे दांडे, तेल, लिंबू आणि भाजलेले दाणे मिक्सरमध्ये फिरवून केलेलं हिरवं वाटण, ते गरम ब्रेडला लावायचं. अंड्यात बारीक चिरून. व्हिनेगरच्या बरण्या भरायच्या त्या वेगळ्याच, पुढे वर्षभर पुरवायच्या असतात. आणि ह्या सगळ्यात ज्याच्यासाठी लोक खरे येतात तो पदार्थ म्हणजे नुसते परतलेले दांडे. बोटभर तुकडे, तेल, मीठ, मिरी. बास.

ऐकायला सोपं. पण त्यात बाबांची एक खोड होती, आणि ती मला कधी जमली नाही. बाबा ते दांडे बघून परतत नसत, वासावर परतत. म्हणायचे, आधी कच्चा, उग्र वास येतो, घशाला लागणारा. मग तो जातो आणि श्वासभर काहीच येत नाही. तिथे सगळे फसतात, झालं समजून उतरवतात. थांबायचं. मग एक गोडसर, भाजलेल्या दाण्यासारखा वास येतो. तो आला की कढई खाली, एक क्षणही जास्त नाही, नाहीतर कडू. डोळे मिटून उभे राहायचे ते, आणि आम्ही सगळे गप्प. मी आपली रंगावर चालते. कधी लवकर, कधी उशीर.

पहिल्या कढया गेल्या. लोकांनी दांडे खाल्ले. कुणी तक्रार केली नाही, आणि कुणी दुसऱ्यांदा मागितलेही नाहीत. हे मला टोचत होतं. फळीवर तो एप्रन होता, तोही टोचत होता. मी नवीन कढई चढवली, तुकडे टाकले, परतले, हिरवा रंग खुलला तशी उतरवायला हात घातला.

"राहू दे. कच्चं आहे."

"बाबा, तुम्ही दांडे मोडा," मी खेकसले. "माझं मला कळतंय. उगाच नाक खुपसू नका, इकडे बघतसुद्धा नाही आहात तुम्ही आणि..."

आणि माझं वाक्य तिथेच राहिलं.

ते खरंच बघत नव्हते. पाठ होती. हातातला दांडा अर्धा वाकलेला तसाच धरून बसले होते.

म्हणजे वास आला त्यांना? पण मीही त्यांचीच मुलगी, रिकाम्या बाटलीत लवंग ओळखणाऱ्याची. माझ्या मनात लगेच आलं, आवाज. कच्च्या दांड्याचा चरचर आवाज वेगळा, पाणी आटलं की वेगळा. एवढी वर्षं चुलीपाशी काढलेल्या माणसाला तेवढं ऐकूनही कळेल. कढई पुन्हा ठेवली आणि परतत राहिले. थोड्या वेळाने शेगडी बंद केली, कढई उचलून ओट्यावरच्या फडक्यावर ठेवली. चरचर थांबली. मिक्सर बंद. मी दारातून आत्याला हाताने गप्प बसायची खूण केली, आणि आत्या गप्प बसली म्हणजे बघा माझा चेहरा कसा असेल.

"बाबा," मी म्हटलं, "आता काय?"

त्यांनी हातातला दांडा खाली ठेवला. मला वाटलं, संपलं. आवाजच होता तो.

मग म्हणाले, "आता झालेत. पण हा वास त्यांचा नाही."

"कुठला?"

"काहीतरी करपतंय. लहानसं आहे. कढईतलं नाही." त्यांनी मान जराशी वळवली, डोळे मिटलेलेच. "मागे बघ. मोठ्या शेगडीखाली."

मला कसलाच वास येत नव्हता. सकाळपासून लसणात बुडालेले आम्ही, आमची नाकं केव्हाच बधिर झाली होती. मी वाकून रश्शाच्या पातेल्याखाली पाहिलं. दांड्याचं एक शेपूट, कळीच्या वरचं, उडून शेगडीच्या कडेला पडलं होतं आणि ज्योतीपाशी काळं पडत होतं. धूर इतका बारीक की मला नाक लावावं लागलं.

मी चिमट्याने ते उचललं आणि बाबांपुढे धरलं. दारात माझा नवरा आणि आत्या, त्यांच्यामागे ताटलीसाठी थांबलेली दोन-चार माणसं.

"कधीपासून येतोय वास?" मी विचारलं.

"सकाळपासून." बाबा टेबलाकडे बघत होते. "पहिला दांडा मोडला तेव्हाच काहीतरी लागलं नाकाला. मग गेलं. मग पुन्हा आलं. पण मी इतक्या वेळा खोटं बोललो की माझा माझ्यावरच विश्वास बसेना. म्हटलं, मनाचे खेळ असतील."

"आणि आता?"

"आता तू कच्चे दांडे लोकांना देत होतीस. मग गप्प कसा बसणार?"

आत्याने पदर तोंडाला लावला आणि ती स्टुलावर बसली. "माझ्या दांड्यांनी केलं हे," ती म्हणाली. "मी सांगत होते."

"आत्या, रोज बाटल्या हुंगत होते ते," माझा नवरा म्हणाला. त्याने खिडकीतली लिंबाच्या सालीची बाटली उघडून बाबांपुढे धरली. बाबांनी हुंगली आणि मान हलवली. लिंबाचा अजून पत्ता नव्हता. कॉफीत काहीतरी जळकं येतं म्हणाले, पण कॉफी नाही. लवंग चांगली आली, खरी लवंग. म्हणजे नाक अजून पूर्ण घरी आलं नव्हतं, उंबऱ्यापर्यंत आलं होतं. पण मला तेवढं पुरे होतं. मला नाचावंसं वाटत होतं, आणि स्वयंपाकघरात जागा नव्हती.

मी फळीवरून एप्रन काढला. फेकल्यामुळे घडी विस्कटली होती. बाबांपुढे धरला.

"शेगडी मी पेटवणार आणि मीच बंद करणार," मी म्हटलं. "गॅसचा वास येतो की नाही हे कळेपर्यंत. बाकी चूल तुमची."

"तू काय मला अटी घालणार?"

"हो."

त्यांनी एप्रन घेतला, उलटा-सुलटा पाहिला. "इस्त्री मोडलीस," म्हणाले, आणि गळ्यात घातला. मागची गाठ मी बांधली. मला ती नीट बांधता येईना, दोनदा सुटली.

मग बाबा कढईपाशी उभे राहिले. मी शेगडी पेटवली, नवे दांडे टाकले आणि आम्ही सगळे गप्प. बाहेरची माणसंसुद्धा. उग्र वास आला, तो मलाही आला. मग तो गेला. माझा हात सवयीने कढईकडे गेला आणि बाबांनी न बघता त्यावर चापट मारली. आम्ही थांबलो. बाबांचे डोळे मिटलेले, भुवया आवळलेल्या, आणि मी देवाधर्माचं फारसं काही न करणारी बाई, पण त्या श्वासभरात मी काय काय कबूल केलं ते माझं मला माहीत.

त्यांच्या भुवया सैल झाल्या.

"उतरव," म्हणाले.

ती कढई दारातच संपली. माणसं ताटल्या घेऊन परत आली, आणि ज्यांनी आधी खाल्ले होते त्यांनीही पुन्हा मागितले. आत्या सगळ्यांना सांगत होती की दांड्याने नाक बरं होतं, आणि माझा नवरा तिच्या मागे उभा राहून सगळ्यांना नाही, नाही अशी मान हलवत होता.

गर्दी ओसरल्यावर बाबा पातेल्याकडे वळले. "ते सकाळचं सूप आहे का अजून?"

"तुम्ही छान म्हणाला होतात ते?"

"चमचाभर आण."

मी आणलं. त्यांनी आधी हुंगलं, मग तोंडात घेतलं आणि थांबले.

"दांडे उशिरा घातलेस," बाबा म्हणाले. "मिरी जुनी आहे. आणि बटाटा खाली लागलाय, तू ढवळलं नाहीस. लोकांना दिलंस हे?"

"दिलं."

"लाज वाटायला हवी."

मी तोंड वळवलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. उरलेलं सूप वाडग्यात घेतलं आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या सगळं पिऊन टाकलं. खरंच खाली लागलं होतं. थंडीनंतर पहिल्यांदा मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.